शेख वहीबची आफिया

५ ऑक्टोबर १९६४, ऐन लूझ

पोचलो एकदाचा. तिलिमसानहून बस, बसनंतर मालट्रक, ट्रकनंतर खेचर, आणि शेवटचा चढ आमच्या पायांनी. पेटी खेचरावर होती. खेचरवाल्याने वाटेत तीनदा विचारलं, "शेख, यात दगड भरलेत का?" पुस्तकं आहेत म्हटलं, तर म्हणाला, "म्हणजे तेच." इथे मास्तरला शेख म्हणतात. समुद्रापलीकडे, आमच्या सलमियात, शेख म्हणवून घ्यायला निदान पांढरी दाढी लागते, आणि मला अजून धड मिशीही नाही.

शाळा म्हणजे फौजेची जुनी चौकी आहे. फ्रेंच जाऊन दोन वर्षं झाली. भिंतींना चुना फासला, चार बाकं टाकली, झाली शाळा. मागच्या खोलीत माझी सोय केली आहे. खिडकी हातभर रुंद, बंदुकीसाठी ठेवलेली असणार.

ही वही आजपासून लिहिणार आहे. एक तर बोलायला कुणी नाही. दुसरं म्हणजे मी मास्तर होणार की नाही, हे या वर्षी ठरायचं आहे. आमच्या देशात हिम्सला मास्तरकीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत दोनदा नापास झालो. पहिल्यांदा एका मुलाचे उच्चार सुधारता सुधारता तास संपला आणि धडा तसाच राहिला. दुसऱ्यांदा हेच होऊ द्यायचं नाही असं घोकत गेलो, आणि हेच झालं. तिसऱ्यांदा बसू देत नाहीत. अल्जीरियाला अरबी शिकवायला माणसं हवी होती, त्यांनी निकाल विचारला नाही. आता इथला निरीक्षक माझा पाठ पाहील. पास केलं तर कायम, नाहीतर घरी, मामाच्या पिठाच्या दुकानात. मामा तर आत्ताच जागा झाडून बसला असेल.

निघताना खेचरवाल्याला छातीवर हात ठेवून म्हटलं, "अल्लाह तुला आफिया देवो." आमच्याकडे कष्टाच्या माणसाला हा दुवा दिल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. त्यात आरोग्य आलं, बळ आलं, खुशाली आली. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग पाणीसुद्धा न पिता खेचर हाकत निघून गेला. डोंगरातली माणसं रांगडी असतात, असं ऐकलं होतंच.

८ ऑक्टोबर

वीस मुलं, त्यात आठ मुली. मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ. सगळ्यात पुढे बख्ता नावाची नऊ वर्षांची मुलगी बसते, तिला प्रत्येक गोष्टीचं उत्तर ठाऊक असतं आणि ते विचारायच्या आधी सांगायचं असतं.

शाळेचा राखणदार सी कद्दूर. इथे वडीलधाऱ्यांना सी म्हणतात. साठीचा आहे, लढाईत तोफेजवळ राहून दोन्ही कान गेलेत. मी काहीही म्हटलं की हसून म्हणतो, "तुलाही, तुलाही." गावात माझ्या दुव्याला नीट उत्तर देणारा हा एकटाच. बाकी माणसं मान खाली घालतात. रीतभात असलेला एक तरी माणूस भेटला, हेही काही कमी नाही.

१९ ऑक्टोबर

यांची अरबी ऐकून कान किटले. निम्मे स्वर गिळतात, उरलेल्या निम्म्यांत फ्रेंच घुसलेलं. सरकारने मला एवढ्या लांबून आणलं ते यासाठीच, म्हणून आज नियम केला: वर्गात गावची बोली बंद. जो बोलेल तो भिंतीकडे तोंड करून उभा राहील. पहिल्या तासाला सात जण उभे होते, शेवटच्या तासाला एक.

तो एक म्हणजे बख्ता. रोज चारला शाळा सुटते तेव्हा मी मुलांना दुवा देतो, "अल्लाह तुम्हाला आफिया देवो." आज मी म्हटलं आणि ती उठली. "शेख, आमच्यात आफिया म्हणजे..."

"आमच्यात, तुमच्यात काही नाही," मी म्हटलं. "पुस्तकात काय आहे ते सांग."

"पुस्तकात नाही ते. आमच्यात..."

"भिंतीकडे."

गेली बिचारी. कुणी हसलं नाही. वर्गाला शिस्त लागते आहे.

११ नोव्हेंबर

पहिल्यांदा कुणाच्या घरी जेवलो. बख्ताची आजी, यामनाखाला, तिने बोलावून घेतलं. खाला मी म्हणतो. माझ्या मावशीसारखी ती हातांनी बोलते. घर नवं आहे, भिंती जुन्या आहेत. तिने माझ्यासमोर रोटी भाजली, वर ऑलिव्हचं तेल ओतलं, आणि मी खाताना समोर बसून राहिली. आईच्या हातचं खाल्ल्यासारखं वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. धुराने आलं म्हणून सांगितलं.

उठताना मनापासून, अगदी चुलीकडे हात करून म्हटलं, "खाला, तुझ्या घराला आफिया, तुझ्या चुलीला आफिया, अल्लाह भरभरून देवो." तिचा हात तसाच हवेत राहिला. मग ती भांडी गोळा करू लागली आणि माझ्याकडे वळून बघितलं नाही. गरिबाला स्तुती सहन होत नाही, त्यातलाच प्रकार असावा.

१४ नोव्हेंबर

काल यामनाखालाची कडब्याची गंजी जळाली. शेळ्या वाचल्या. मी धावत गेलो, बादली घ्यायला हात पुढे केला, तर माणसांनी मला साखळीतून बाजूला केलं. "शेख, तू राहू दे," एवढंच म्हणाले. शहरी माणसाला पाणी ओतताही येणार नाही, असं वाटलं असेल त्यांना.

बख्ता आज शाळेत आली नाही.

२४ नोव्हेंबर

आज चौदा. काल सतरा. सी कद्दूर म्हणतो, ऑलिव्ह तोडणीचा हंगाम आहे, मुलं झाडांवर असतात. मी झाडांकडे फेरी मारून आलो. मुलं होती, पण मी दिसताच बायका त्यांना पदराआड घेत होत्या. मी लांबूनच ओरडून दुवा दिला. एक म्हातारी खाली वाकली, माती उचलून माझ्या दिशेने टाकली आणि पाठ फिरवली.

मी काय केलंय यांचं? शिकवतोच आहे ना? कदाचित माझ्या कपड्यांमुळे असेल. उद्यापासून टाय नाही.

९ डिसेंबर

दुष्काळात तेरावा महिना. निरीक्षक सी बुआयाद यांचं पत्र आलं, वरची ओळ अरबीत, बाकी फ्रेंचमध्ये. मार्चच्या नऊ तारखेला तपासणी. बाकांवर वीस मुलं नसतील तर ऐन लूझची शाळा बंद करून मुलं बाजारगावच्या शाळेत पाठवली जातील. बाजारगाव अकरा किलोमीटर खाली. मुलगे जातील, मुली जाणार नाहीत, हे सांगायला शेख असावं लागत नाही. आणि शिक्षकाची सेवा तिथेच संपेल.

आज नऊ मुलं होती.

१० डिसेंबर

आठ.

६ जानेवारी १९६५

रमजानचा तिसरा दिवस. आमच्याकडे परका माणूस गावात असला तर मगरिबच्या, म्हणजे उपास सोडायच्या, आधी त्याच्या दारात चार घरची ताटं येतात. इथेही येतात म्हणे. माझ्याकडे सी कद्दूर येतो, खजूर आणि ताक घेऊन. तो जेवायला घरी जातो, मग मी आणि भिंत. काल मी भिंतीलाच म्हटलं, "बिस्मिल्लाह, ये बस."

आईला लिहिलं की इथे माणसं फार प्रेमळ आहेत आणि मी जाड झालो आहे. खोटं लिहिताना अक्षर चांगलं येतं. खरं सांगायचं तर मला एकटं वाटतं. सकाळी उठल्यावर वाटतं, दुपारी वाटतं, आणि वर्गात मुलांसमोर उभा असताना सगळ्यात जास्त वाटतं.

१३ जानेवारी

हे सगळं लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या मी ते स्वतःला सोयीचं करून सांगेन.

सूर्य बुडायला थोडा वेळ होता. दारात यामनाखाला, हातात कापडाने झाकलेला हरीराचा, म्हणजे इथल्या डाळीच्या सुपाचा, वाडगा. सी कद्दूर सोडला तर दोन महिन्यांनी कुणी माझ्या दारात आलं होतं. माझा हात आपोआप छातीवर गेला. "खाला, अल्लाह तुला..."

"थांब," ती म्हणाली. "तो शब्द काढू नकोस. मी उपाशी, तू उपाशी. आधी तोंडात काहीतरी घाल."

बांग झाली. आम्ही खजूर खाल्ला, ती उंबऱ्यावर, मी आत. मग तिने विचारलं, "आता सांग लेकरा. आम्ही तुझं काय वाईट केलं?"

"माझं? काही नाही."

"मग रोज आमच्या पोरांना आफिया का देतोस? माझ्या घरात जेवलास, चुलीकडे हात करून मला दिलीस. तिसऱ्या दिवशी गंजी गेली."

"खाला, आफिया चांगली असते."

"चुलीत चांगली असते. गंजीत नाही."

मला तेव्हाही कळलं नाही. मी मास्तर ना. तिला शब्दाचा अर्थ सांगितला, कुठून आला ते सांगितलं, दुआमध्ये कुठे येतो ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दुआमधली आफिया मला ठाऊक आहे. मीही मुसलमानच आहे. ती वरून येते. तू चुलीकडे हात केलास." मग तिने माझ्या शेगडीतल्या आगीकडे बोट दाखवलं. "ही काय आहे?"

"नार," मी पुस्तकातला शब्द सांगितला.

तिने तोंडावर हात ठेवला. "तो जहन्नमचा शब्द. घरात घेऊ नये. वाईट वस्तूला चांगल्या नावाने हाक मारली की ती गुणाने राहते. म्हणून आम्ही हिला आफिया म्हणतो. आमचे आजे-पणजे म्हणत आले. तुमच्याकडे नाही म्हणत?"

मी नाही म्हटलं.

"सात वर्षांपूर्वी फौजेने या गावाला आफिया दिली," ती म्हणाली. "एका दुपारी बावीस घरं. तू झोपतोस ना, याच खोलीतून निघाले होते ते. आता एक शेख येतो, त्याच खोलीत राहतो, आणि रोज चार वाजता आमच्या पोरांना म्हणतो, अल्लाह तुम्हाला आफिया देवो. तूच सांग, आम्ही काय समजायचं?"

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"बख्ताने सांगितलं होतं. तू तिला भिंतीकडे उभं केलंस."

मी म्हटलं, सी कद्दूर तर रोज हसून उत्तर देतो. तिने माझ्याकडे बघितलं, वेड्याकडे बघतात तसं. "त्याला ऐकू येतं का?"

वाडगा रिकामा झाल्याशिवाय ती गेली नाही. हरीरा थंड झाला होता, मी सगळा प्यायलो.

१४ जानेवारी

आज शाळेत सात मुलं. चार वाजले, सगळी उठली, आणि नेहमीप्रमाणे वाट बघत उभी राहिली. मी काहीच म्हटलं नाही. त्यांना जा म्हणायलाही विसरलो. शेवटी एकेक करून आपणच गेली.

शंभर दिवस. रोज. गंजी जळत असताना मी बादलीला हात लावायला गेलो होतो, आणि तिथेही तोंडाने दुवा चालू असणारच. शुद्ध अरबी शिकवायला आलेला शेख.

१७ जानेवारी

यामनाखाला म्हणाली, घरोघर जा, दुसरा उपाय नाही. सदतीस घरं आहेत. तीन दिवसांत एकोणतीस झाली. प्रत्येक दारात तेच सांगायचं: आमच्याकडे या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, मला ठाऊक नव्हतं, माफ करा. पहिल्या पाच घरी मी आमच्याकडचा अर्थ आधी सांगत होतो. सहाव्या घरी म्हातारा म्हणाला, "शेख, माफी मागतोस की धडा देतोस?" तेव्हापासून माफी आधी.

काही ठिकाणी हसले. एका घरी बाई हसता हसता खाली बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं, एवढा बावळट चेहरा शाप देणाऱ्याचा नसतो?" नवऱ्याने मला आत घेतलं. दोन ठिकाणी दार उघडलं नाही. मुलं भिंतीआडून बघत होती, आणि माझी गोष्ट माझ्या आधी पुढच्या घरी पोचवत होती.

१९ जानेवारी

शेवटचं घर, वरच्या अंगाला, हाशमीचं. तो बाहेरच भेटला. माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं.

"समजलं," तो म्हणाला. "तुझ्या मनात काही नव्हतं. मी तुझ्यावर राग धरत नाही."

"मग सादियाला पाठवा." सादिया त्याची मुलगी, आठ वर्षांची. ऑक्टोबरमध्ये दोनच दिवस आली होती.

"ते नाही जमायचं. त्या दुपारी आमचा थोरला आत झोपला होता. माझी बायको खेरा तेव्हापासून फारसं बोलत नाही. तू आल्यापासून तुझा आवाज वरपर्यंत येतो, तेव्हा ती कानांवर हात ठेवते. आता मी तिला कितीही सांगितलं, तरी कान माझं ऐकत नाहीत ना."

आवाजाची माफी कशी मागतात, मला माहीत नाही. खाली आलो.

४ फेब्रुवारी

ईद झाली. तीन घरची मिठाई आली. आज एकोणीस मुलं. बख्ताही आली, पहिल्या बाकावर बसली, पण तोंड उघडलं नाही. मी तिला फळ्याजवळ बोलावलं, सगळ्यांसमोर म्हटलं, "ऑक्टोबरमध्ये तू काहीतरी सांगत होतीस. मी ऐकलं नाही. आता सांग."

ती भिंतीकडे बघून म्हणाली, "आता सगळ्यांना माहीत आहे."

"मला तुझ्याकडून ऐकायचंय."

तिने सांगितलं. मग मी फळ्यावर तीन रकाने केले: पुस्तकात, ऐन लूझमध्ये, सलमियात. पहिला शब्द तोच. दुसरा मुलांनी दिला, 'आता'. पुस्तकात अल-आन, त्यांच्यात द्रोक, आमच्यात हल्ला. हल्ला ऐकून वर्ग लोळला. माझ्या भाषेला कुणी एवढं हसेल आणि मला बरं वाटेल, असं वाटलं नव्हतं.

पण एकोणीस. पाच आठवडे आहेत आणि गावात शाळेच्या वयाचं शाळेबाहेर असलेलं मूल एकच.

१० फेब्रुवारी

आज हाशमीकडे गेलो आणि म्हटलं, "मी तिला इथे येऊन शिकवतो. तोंडातून एक अक्षर काढणार नाही."

"न बोलता कसं शिकवशील?"

"ठाऊक नाही."

त्याने जरा विचार केला. "भिंतीच्या बाहेर बस. आत नको."

त्यांच्या अंगणाला कमरेएवढी दगडी भिंत आहे. बाहेर मी, आत सादिया, पाटी भिंतीवर. मी दाराचं चित्र काढलं. तिने माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, हळूच म्हणाली, "बाब." मी त्याखाली अक्षरं लिहिली. तिने बोट फिरवलं. अर्ध्या तासात ती बाराएक शब्द बोलली आणि मी एकही नाही. चुकली की मी भुवया वर करायच्या, बरोबर आलं की मान हलवायची. चुकीचं सुधारायला तोंड सतरा वेळा उघडलं आणि सतरा वेळा मिटलं. प्रत्येक वेळी थोडं थांबलो, तर तिचं तिलाच सापडलं. दोनदा नाही सापडलं.

खेरा चुलीशी आमच्याकडे पाठ करून बसली होती. शेवटपर्यंत वळली नाही.

२६ फेब्रुवारी

रोज जातो. चार वाजता शाळा सुटली की वर. वर्गातही आता कमी बोलतो, सवय लागली. आधी मला वाटायचं, मी थांबलो की वर्ग थांबेल. उलट मीच आड येत होतो, असं दिसतंय. हे हिम्सच्या परीक्षकाने लिहूनही दिलं होतं, मी तो कागद फाडून टाकला होता.

परतीची वाट मात्र वाईट. दिवसभर बोलणं आवरलेलं असतं, आणि खोलीत येऊन बोलायला कुणी नसतं. सी कद्दूरशी बोलतो. तो म्हणतो, "तुलाही, तुलाही."

त्याने एक तोड सुचवली: पलीकडच्या वाडीतून पुतण्याला एक दिवसासाठी आणून बसवू. रात्रीपर्यंत मोह होता. सकाळी त्याला हाताने खूण करून नको म्हटलं.

९ मार्च

सी बुआयाद आले. फ्रेंच कापडाचा सूट, चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेला, खिशात छोटा अरबी शब्दकोश. त्यांनी मुलं मोजली. पुन्हा मोजली.

"एकोणीस."

"विसावी वर आहे," मी म्हटलं. "मी तिला तिच्या घरी शिकवतो. इथे येत नाही ती."

"का?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "आफिया? आम्ही तिलिमसानलाही तेच म्हणतो. तुम्हाला बंदरावर कुणी सांगितलं नाही?" नाही म्हटलं. "सरकार," ते म्हणाले आणि चष्मा पुन्हा लावला.

मग पाठ पाहिला. मुलांनी आज 'पाऊस' घेतला होता, तीन रकाने भांडून भरले. मला वाटलं छान झालं. सी बुआयाद फळ्याकडे बघत होते. "शेख वहीब, तुम्हाला बोली पुसायला आणलंय, गोळा करायला नाही."

चार वाजता ते म्हणाले, "चला, विसावी दाखवा." त्या बुटांनी चढ चढले. मी भिंतीपाशी बसलो, ते जरा मागे दगडावर. सादियाने आज पूर्ण वाक्य वाचलं, 'माझी शेळी काळी आहे', आणि मी तोंड उघडलं नाही. निरीक्षक घड्याळ बघायचे थांबले होते.

शेवटी खेरा चुलीपासून उठली. महिन्याभरात पहिल्यांदा वळली, पण माझ्याकडे नाही, निरीक्षकाकडे. "तुम्ही याचे साहेब का?"

"हो, लल्ला," ते बाईंना मान देत म्हणाले.

"बोलत नाही तोवर चांगला आहे."

सी बुआयाद हसले, दिवसभरात एकदाच. वही काढून त्यांनी लिहिलं: वीस.

३० मार्च

दोन कागद आले. एक गावासाठी: ऐन लूझची शाळा चालू राहील. सी कद्दूरने तो मशिदीच्या दारावर लावला, वरची बाजू खाली.

दुसरा माझ्यासाठी. 'शिक्षकाने प्रमाण भाषेचा आग्रह सोडला आहे. कायम करण्यास योग्य नाही. एक वर्ष मुदत, त्यानंतर पुन्हा तपासणी.'

तिसऱ्यांदा नापास. या वेळी उलट्या कारणाने. मी दाराला कडी लावून रडलो, लाज न धरता, मोठ्याने. मग तोंड धुतलं. चार वाजले होते आणि सादिया वाट बघत असणार, म्हणून वर गेलो. एवढं खरं की तो कागद हातात असताना मला पिठाचं दुकान एकदाही आठवलं नाही. सादियाची अक्षरजोडणी कच्ची आहे, ती आठवली.

२ एप्रिल

आज भिंतीपाशी सादिया नव्हती. तिच्या जागी खेरा बसली होती. इतक्या जवळून मी तिला कधी पाहिलं नव्हतं. माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी असेल. तिने पाटी माझ्याकडे सरकवली.

"माझ्या मुलाचं नाव लिही. मिलूद."

मी लिहिलं. पुस्तकात असतं तसं, मौलूद. तिला वाचता येत नाही. तिने बोट ठेवून अक्षरांवरून फिरवलं, उजवीकडून डावीकडे, सादियाचं बघून शिकली असणार. पुन्हा फिरवलं. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

"आता म्हण," ती म्हणाली.

मी मान हलवली, नको म्हणून.

"म्हण. मी सांगतेय ना."

"मौलूद," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"नाही. असं नव्हे. मिलूद."

मी पाटी पुसली, तिने म्हटलं तसं लिहिलं. मग म्हटलं, "मिलूद."

"हळू नको. दूर खेळत असला की हाक मारतात ना, तशी मार."

मी उभा राहिलो. समोर उतार होता, बदामाची झाडं होती, खाली शेतात हाशमी पाठमोरा खणत होता. मी हाक मारली. "मिलूद!" हाशमीची कुदळ थांबली. तो वळला नाही. सादिया दारात येऊन उभी राहिली. मी पुन्हा मारली, आणखी एकदा मारली.

खेराचे हात मांडीवरच होते. कानांकडे गेले नाहीत. बराच वेळ ती उताराकडे बघत राहिली, मग पदराने पाटीची कड पुसली, नाव तसंच ठेवून.

"उद्या माझं शिकव," ती म्हणाली. "तोंडाने शिकवलंस तरी चालेल."